गोजरेची खार

रविवारी दुपारी जेवणं उरकून आम्ही चौघं त्या राक्षसासमोर उभे राहिलो, तेव्हा तिघांना तो मारायचा होता आणि धनेशला त्याच्या जागेला नाव द्यायचं होतं.

राक्षस खेळातला. ॲशवॉर्डन नावाचा एक ऑनलाइन खेळ आहे. त्यात आपण एक पात्र घ्यायचं, लढत लढत त्याची लेव्हल वाढवायची आणि बाकी खेळाडूंना मागे टाकत आपला क्रमांक वर न्यायचा. मी शाळेत गणित शिकवते, पन्नाशीला टेकले आहे, गुडघा दुखतो, आणि त्या खेळात आमच्या सर्व्हरवरच्या वैद्यांमध्ये माझा क्रमांक तिसरा होता. हे मी स्टाफरूममध्ये कोणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर म्हणतील, नंदिनीबाईंना वेड लागलं. लागलंय, पण ते त्यांनी का म्हणावं?

आम्ही खेळायचो त्या प्रकाराला हार्डकोअर म्हणतात. त्यात पात्र एकदा गेलं की गेलं. लेव्हल, हत्यारं, क्रमांक, सगळं पुसलं जातं आणि तुम्ही पुन्हा चिंध्या नेसून पहिल्या पायरीवर. त्यामुळे या प्रकारातली माणसं मूळचीच घाबरट. जरा काही बिनसलं की पोर्टल, म्हणजे सुटकेचं दार, उघडायचं आणि पळायचं. पळालात तर त्या लढाईत परत शिरता येत नाही, पण जीव राहतो. शीर सलामत तो पगडी पचास, हाच तिथला कायदा.

या सीझनला कंपनीनं एक नवं आमिष ठेवलं होतं. शेवटच्या दरीतला राक्षस आमच्या सर्व्हरवर पहिल्यांदा जो गट पाडेल, त्यानं त्या दरीला नाव द्यायचं. ते नाव नकाशावर कायमचं. सीझन बदलले, खेळाडू बदलले तरी पुसायचं नाही. अट एकच होती: राक्षस पडताना दरीत जो जिवंत उभा असेल, त्यालाच नाव लिहिता येणार.

आमचा गट असा. अभिराम आणि ऋता हे खारघरचं जोडपं, दोघंही आयटीतले. अभिराम धनुष्यवाला, ऋता आगीचे गोळे फेकणारी. अभिराम बंगळुरूत वाढला, त्याचं मराठी लग्नानंतर ऋतानं रंधा मारून गुळगुळीत केलेलं. धनेश ढालवाला, म्हणजे पुढे उभं राहून मार खाणारा. आणि मी वैद्य. मागे उभं राहून सगळ्यांच्या, मुख्यतः धनेशच्या, जखमा भरायच्या.

धनेश आमच्या घरमालकिणीचा, गोजराआजीचा, नातू. द्रोणागिरीत, सरकारनं घेतलेल्या शेतांच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवर, त्यांची बिल्डिंग आहे. तळमजल्यावर ते, दुसऱ्या मजल्यावर आम्ही भाड्यानं. तो जवळच्याच कंटेनर यार्डात क्रेन चालवतो आणि ड्यूटी नसली की खेळतो. खेळताना त्याचा आवाज आधी जिन्यातून येतो आणि मग हेडफोनमधून, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य मला दोनदा ऐकावं लागतं.

दरीला नाव काय द्यायचं यावर आमचे चिकार वाद झाले होते. अभिरामला काहीतरी इंग्रजी, भारदस्त हवं होतं. मी माझं माहेरचं गाव पुढे रेटत होते. एवढ्यात धनेश म्हणाला, "गोजरेची खार."

"खार? ती झाडावरची?" मी विचारलं.

"नाय ओ वहिनी. खार म्हंजे शेत. खाडीचं पानी अडवून, बांध घालून केलेलं. आमच्या आजीच्या नावाची खार होती. लय वर्सं भात पिकला तितं."

"मग आता?"

"आता माझा यार्ड हाय. रोज तितंच तर कंटेनर उचलतो मी."

नव्या नकाशात त्या जागेला सेक्टरचा आकडा आहे. रिक्षावाल्याला गोजरेची खार म्हटलं तर तो आ वासून बघतो. गावातली चार म्हातारी माणसं अजून ते नाव घेतात, ती गेली की नाव गेलं. खारीला आजीचंच नाव का पडलं, हे धनेशलाही नीट ठाऊक नव्हतं. एका उधाणाला ती बांधावर उभी राहिली होती, एवढंच त्यानं लहानपणी ऐकलेलं. "ह्या खेळात जगातून लोक येतात, वहिनी," तो म्हणाला. "तिकडच्या नकाशात तरी राहू दे ना." हे त्यानं इतकं साधेपणानं म्हटलं की मी गप्प बसले. मला गप्प बसवणारी माणसं या जगात फार नाहीत.

माझ्या जिभेला हाड नाही, हे विलास लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगतोय. विलास म्हणजे माझा नवरा, अत्यंत सोशिक. माझ्या तोंडात 'मेला' हा शब्द फार. आमच्या साताऱ्याकडच्या बायकांचं त्याशिवाय वाक्यच पुरं होत नाही. पंखा मेला कुरकुरतो, दूधवाला मेला पाणी घालतो, नवरा मेला ऐकत नाही. रागानं येतो तितकाच मायेनंही येतो. धनेशला तर मी दिवसातून दहा वेळा मेला म्हणते, कारण तो खरंच ऐकत नाही.

त्या रविवारी घाई होती. जकार्ताचा एक गट संध्याकाळी दरीत उतरणार असल्याची बातमी अभिरामनं आणली होती, आणि ते लोक आमच्यापेक्षा सरस होते. शिवाय धनेशला संध्याकाळची ड्यूटी होती. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. पात्र गमावलं तर काय काय जाईल याचा विचार करायचा नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं आणि तोच विचार करत मी माउस धरून बसले होते.

राक्षस उंच, राखाडी, तोंडाच्या जागी नुसतं भगदाड. त्याचं उरलेलं बळ दाखवणारी लाल पट्टी स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. धनेशनं ढाल आपटून त्याला अंगावर घेतलं, अभिरामचे बाण सुरू झाले, ऋताची आग सुरू झाली, आणि मी फक्त धनेशच्या हिरव्या पट्टीकडे बघत राहिले. ती अर्ध्यावर आली की भरायची, पुन्हा अर्ध्यावर आली की पुन्हा भरायची. बाकी दरीत काय चाललंय ते बघायला वैद्याला फुरसत नसते.

खरी भीती राखेच्या वादळाची. राक्षस मधूनच ते भगदाड उघडून श्वास सोडायचा आणि सगळी दरी राखेनं भरून जायची, कोणाला कोणी दिसायचं नाही. आम्ही तिघांनी तेव्हा मागच्या कड्याच्या आडोशाला जायचं आणि धनेशनं दगड व्हायचं. ढालवाल्याला तशी विद्या असते. दगड झाला की त्याला फारसं लागत नाही. मात्र तेवढा वेळ त्याची पट्टी हिरव्याची करडी होते. मेलेल्या माणसाची पट्टीही करडीच असते. हे आम्हाला माहीत होतं, म्हणून ठरलं होतं की वादळ चालू असताना धनेशनं बोलत राहायचं.

पहिली वादळं नीट गेली. धनेश राखेतून काहीबाही बडबडत होता, एकदा तर त्यानं भाजीचे भाव सांगितले. लाल पट्टी अर्ध्यावर आली, मग आणखी खाली.

"धनेश, मागे ये," मी म्हटलं. "पुढचं वादळ कड्याजवळ घे. तिथून मला तुझ्यापर्यंत पोचता येतं."

"थोडाच राह्यलाय, वहिनी."

"मागे ये म्हणते ना."

तो मागे येण्याऐवजी आणखी दोन पावलं पुढे सरकला. त्याला घाई झाली होती. नाव समोर दिसत होतं त्याला. तेवढ्यात राक्षसानं भगदाड उघडलं, राख उसळली, आणि धनेश जिथे होता तिथेच दगड झाला. त्याची पट्टी करडी झाली. आणि गडी बोलेना. नंतर कळलं, तो दात आवळून बसला होता, बोलायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नाही.

मी माइकमध्ये कडाडले, "मेला धनेश," आणि नेमका त्याच क्षणी विलास चहाचा कप घेऊन बाजूला येऊन उभा राहिला. मी मान वळवून उरलेलं वाक्य त्याच्या तोंडावर फेकलं, "ऐकेल तर शपथ."

माइकमध्ये गेलं ते फक्त पहिलं.

"आउट! ऋता, आउट!" अभिराम ओरडला. राखेत दोन निळी दारं उघडली आणि मिटली. माझ्या स्क्रीनवरच्या चार पट्ट्यांपैकी दोन नाहीशा झाल्या.

वादळ ओसरलं तेव्हा धनेश जागच्या जागी उभा होता. पट्टी पुन्हा हिरवी, निम्म्याहून कमी.

"बाण का थांबला?" त्यानं विचारलं. "अभिराम?"

"धनेश?" अभिरामचा आवाज चिरकला. पात्रं बाहेर पडली होती तरी त्यांचं बोलणं आम्हाला ऐकू येत होतं. "तू आहेस? अरे, ताई म्हणाल्या ना मेला!"

"अभि, तसं मेला नाही रे," ऋता रडकुंडीला आली होती. "बायका म्हणतात तसं मेला."

"तसं म्हणजे कसं? मेला म्हणजे मेला ना?"

त्याला समजावून सांगायला कोणाला वेळ नव्हता. राक्षस धनेशवर चालून आला होता आणि मी जखमा भरत होते. चौघांची लढाई दोघांवर आली होती, त्यातली एक वैद्य, जिच्या काठीचा मार म्हणजे गुदगुल्या. लाल पट्टी चतुर्थांश उरली होती. चौघं असतो तर हातचा मळ होता.

"वहिनी, तुमी निघा," धनेश म्हणाला. आधी जिन्यातून, मग कानात. "तुमचा तिसरा नंबर हाय. कशाला घालवताय?"

"आणि तू?"

"मी बघतो थोडा येळ."

तो काय बघणार होता? वैद्याशिवाय ढालवाला किती टिकतो हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. पोर्टलचं बटण माझ्या करंगळीखाली होतं. खरं सांगते, मला ते दाबायचं होतं. शाळेतून दमून आल्यावर, भाजी फोडणीला टाकायच्या आधी, मी एकेक पायरी चढत तिथवर आले होते. जगात कुठेतरी माझ्या नावापुढे तीन हा आकडा होता आणि तो मला कोणी दिलेला नव्हता, मी मिळवलेला होता. तो जाईल म्हणून माझा जीव खरोखर कासावीस झाला.

पण ते दोघं गेले होते माझ्या तोंडामुळे. धनेशला एकटं टाकून मी पळाले असते तर जिना उतरताना त्याच्याकडे कुठल्या तोंडानं बघितलं असतं?

"मार," मी म्हटलं. "बोलू नकोस, मार."

त्यानं ढाल टाकली आणि तलवार दोन्ही हातांत घेतली. ढालवाला असं कधी करत नाही. लाल पट्टी भराभर खाली यायला लागली आणि धनेशची हिरवी पट्टी तिच्याहून भराभर. मी भरत होते, ती रिकामी होत होती. माझी स्वतःची शक्ती तळाला लागली. विलास चहाचा कप तसाच हातात धरून मागे उभा होता. त्याला खेळातलं ओ की ठो कळत नाही, तरी तो हलला नाही.

लाल पट्टीचं शेवटचं बोटभर टोक उरलं आणि राक्षसानं पुन्हा भगदाड उघडायला सुरुवात केली. धनेशची दगड व्हायची विद्या अजून परत भरली नव्हती. कडा लांब होता. माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. वैद्याला एका लढाईत एकदाच एक कवच घालता येतं, कोणा एकावर, आणि त्या एकाला तो वार लागत नाही.

मी धनेशवर नेम धरला.

"माझ्यावर नको," तो म्हणाला. "तुमच्यावर घ्या."

"गप्प बस. मारणारा तू आहेस, मी नाही."

"माझी पट्टी बघा ना, वहिनी. वादळातून वाचलो तरी त्याच्या पुढच्या फटक्यात मी जानार, आन मग तुमी पन नाय. तुमच्या अंगाला अजून काय लागला नाय. एक जन उभा पायजे. नाव लिवायला एक जन पायजे."

गणित त्याचं बरोबर होतं. मी उभ्या जन्मात कोणाचं गणित बरोबर आल्यावर इतकी चिडले नव्हते. मी कवच स्वतःवर घेतलं.

राख आली. सगळं पांढुरकं झालं. धनेशची पट्टी करडी झाली आणि वादळ सरल्यावरही करडीच राहिली. कानात त्याचा आवाज तुटला. मेलेल्याला खेळ बोलू देत नाही. खालच्या मजल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग जिन्यात अनवाणी पावलं, आणि धनेश धापा टाकत आमच्या दारातून आत आला. खेळात गेलेला माणूस माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

"डावीकडं सरका," तो म्हणाला. "त्याचा उजवा हात येतोय. आता मारा. सरका. मारा."

मी काठीनं मारलं. गुदगुल्या तर गुदगुल्या. तो सांगत होता तशी सरकत होते, मारत होते, गुडघ्याचं दुखणं विसरून खुर्चीतच अर्धी उठले होते. एकदा राक्षसाचा हात नुसता चाटून गेला आणि माझी पट्टी निम्म्यावर आली. धनेशची बोटं माझ्या खुर्चीच्या पाठीत रुतली होती, ते मला जाणवत होतं. मग लाल पट्टी संपली. राक्षस गुडघ्यांवर आला, पुढे कोसळला आणि त्याची राख झाली.

स्क्रीनवर एक चौकट उघडली. या जागेला नाव द्या.

धनेशनं एकेक अक्षर सांगितलं, मी रोमन लिपीत लिहिलं, दोघांनी दोनदा वाचलं आणि मी बटण दाबलं. सगळ्या सर्व्हरभर घोषणा झाली. हेडफोनमधून अभिराम आणि ऋता किंचाळत होते. विलासनं गार झालेला चहा स्वतःच पिऊन टाकला. नकाशा उघडला तर खाली कोपऱ्यात, काल जिथे नुसता काळा डाग होता तिथे, गोजरेची खार.

"तुझं सगळं गेलं रे," मी धनेशला म्हटलं. मला रडू येत होतं.

"जाऊ दे ना. नवा बनवू." तो हसत होता. त्याचे डोळेही ओले होते. "चला, आजीला दाखवू."

गोजराआजी ओट्यावर सूप घेऊन जवळा निवडत बसली होती. बारीक सुकी कोळंबी ती, आजी तिच्यातला कचरा बोटांनी असा वेचते की बघत राहावं. धनेश तिच्या पायाशी बसला आणि त्यानं फोनवर नकाशा उघडला. खेळ म्हणजे काय, सर्व्हर म्हणजे काय, यात तो शिरलाच नाही. एवढंच म्हणाला, "आजी, जगाच्या एका नकाशात तुझी खार लिवली. पुसायची नाय कदी."

"माजा नाव?" आजीनं हात पदराला पुसले. "दाव."

तिला वाचता येत नाही, तरी तिनं त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. तिचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, माझा क्रमांक गेला असता तरी चाललं असतं. नकाशाच्या खाली बारीक अक्षरांत ओळी सरकत होत्या. त्यांत पुन्हा पुन्हा तेच नाव येत होतं. धनेश कौतुकानं ते दाखवायला लागला, "ह्ये बघ, इथं पन. ह्ये बघ, परत आला."

"काय लिवलंय त्यात?" आजीनं विचारलं. "वाच."

धनेशनं पहिली ओळ वाचायला तोंड उघडलं आणि तो थांबला. मी वाकून बघितलं. हार्डकोअरमध्ये कोणी गेलं की खेळ ते सगळ्यांना कळवतो: कोण गेला, कितव्या लेव्हलला गेला, कुठे गेला. राक्षस पडला तरी लगेच नव्यानं उभा राहतो. आम्ही त्याला पाडला म्हटल्यावर जो तो दरीत धावत सुटला होता, आणि धडाधड मरत होता. जकार्ताचे चौघं गेले होते. सगळ्यांत वरची ओळ आमच्या धनेशची होती; तो गेला तेव्हा दरीला नाव नव्हतं, खेळानं ते मागाहून चिकटवलं होतं. धनेश, गोजरेची खार येथे मृत.

आम्ही चार शहाणी माणसं. महिनाभर त्या नावावरून भांडलो, आणि ज्या जागेत माणसं फक्त मरायलाच येतात तिला ते देतोय, हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"वाच ना रं," आजी म्हणाली.

धनेशनं फोन उलटा करून ओट्यावर ठेवला. शेवटी मीच सांगितलं. गोड करून सांगायला मला जमत नाही. "आजी, तिथे एक राक्षस आहे. त्याच्याशी लढायला येतात ते तिथे मरतात. खोटं खोटं, खेळातलं. त्यांची नावं येतात ही."

"माज्या खारीत मरतात?"

"खेळात, आजी," धनेश म्हणाला.

तिनं सूप बाजूला ठेवलं. आमच्याकडे न बघता ती बोलायला लागली. "उधानानं बांध फुटला तवा सगली शेतात व्हती. लावनी चालू व्हती. पानी छातीला आला. मी बांधावर हुबी र्‍हायले आन येकेकाला हाताला धरून वर घेतला. बाया, पोरा, तुजा आजा. भात गेला, बैल गेला. मानूस नाय गेला. म्हून खारीला माजा नाव परला." मग ती धनेशकडे वळली. "त्यो नाव काड तितून."

"निघत नाय आजी," धनेश म्हणाला. "कायमचा हाय त्यो."

आजीनं सूप उचललं आणि ती आत निघून गेली. धनेश डबा न घेताच ड्यूटीला गेला. रात्री त्यानं कंपनीला मेल लिहिली, नाव काढून टाका म्हणून. उत्तरात अभिनंदन आलं, आणि नियमांचं एक पान.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. मला स्वतःचा, कंपनीचा, सगळ्या जगाचा संताप आला होता, आणि संताप आला की मला बसवत नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर मी खेळ उघडला आणि एकटीच दरीत गेले. राक्षसाच्या वाटेला गेले नाही. कड्याच्या आडोशाला उभी राहिले. थोड्या वेळानं अनोळखी गट आला, राख उसळली, आणि मी त्यांच्या जखमा भरायला लागले. त्यांना काही कळेना. एकानं विचारलं, तू कोण, तुला काय हवंय? मी लिहिलं, काही नको, मागे या, कड्याजवळ उभे राहा. त्यांच्यातला एकही गेला नाही. राक्षस पडला नाही, पण ते जिवंत परत गेले.

तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिथे उभी असते. परक्या गटातल्या माणसाला बरं केलं तर गुण मिळत नाहीत, हा नियम आहे. आणि गुण मिळवत राहिलं नाही तर क्रमांक घसरतो, हाही नियम आहे. माझा तिसरा क्रमांक आठवड्यात गेला. आता मी कितवी आहे ते बघायला खाली बरंच सरकवावं लागतं. अभिराम काळजीनं म्हणाला, "ताई, तुमची रँक बघितलीत का?" मी म्हटलं, "रँक घाल चुलीत आणि धनुष्य घेऊन इकडे ये." तो आणि ऋता शनिवार-रविवार येतात. धनेशनं नवा ढालवाला केला आहे. यार्डातून आल्यावर तो वेड्यासारखा लेव्हल चढवत बसतो, पण दरीत पाय ठेवण्याइतका व्हायला त्याला अजून वेळ आहे.

गोजराआजीला आम्ही हे सगळं सांगितलं होतं. ती हसली नाही आणि बरं केलंत असंही म्हणाली नाही. पण रोज संध्याकाळी मी भाजी आणायला खाली उतरले की ती ओट्यावरून विचारते, "बाय, आज कोन गेला?"

"कोणी नाही, आजी," मी सांगते. बहुतेक दिवशी ते खरं असतं.

आज दोघं गेले. कुठली तरी पोरं असावीत, वादळ आलं तेव्हा घाबरून कड्याकडे यायच्या ऐवजी उलट्या बाजूला पळाली. मी ओरडून लिहीत होते, ती वाचत नव्हती. माझा हात तिथपर्यंत पोचला नाही. मी पिशवी घेऊन खाली आले तेव्हा आजी जवळा निवडत होती आणि धनेश शेजारी फोन घेऊन बसला होता. त्या दोन ओळी त्याच्या स्क्रीनवर आलेल्या असणार.

"बाय, आज कोन गेला?"

धनेशनं माझ्याकडे बघितलं आणि फोन खिशात टाकला.

"कोणी नाही, आजी," मी म्हटलं.

"बरा झाला," ती म्हणाली, आणि सूप पाखडायला लागली.